दिवसाची कॅश जुळवताना: मनःशांतीसाठी एक साधी वही

बँकेत कॅशियर म्हणून मी २९ वर्षं काढली. काउंटर बंद झालं की कॅशियरचा दिवस संपला असं लोकांना वाटतं. खरी धाकधूक तेव्हाच सुरू होते. नोटा मोजायच्या, कुठली नोट किती हे डिनॉमिनेशन लिहायचं, स्क्रोलशी म्हणजे दिवसभरच्या नोंदींच्या यादीशी ताळा करायचा. जुळलं तर पिशवी उचलून घरी. शॉर्ट आली तर शोधत बसा, आणि सापडलीच नाही तर खिशातून भरा. जास्त आली तरी सुटका नाही, कारण कुणाला तरी कमी गेलेले असतात आणि तो उद्या सकाळी दारात उभा असतो.

एवढं रुपयापर्यंत जुळवून मी डोंबिवलीला घरी यायचो आणि रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत पडायचो. मॅनेजर असं का बोलला, मुलीच्या बारावीचं काय होणार, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी उरकायचं. नोटांचा हिशेब रोज लागायचा, दिवसाचा कधीच लागायचा नाही.

पन्नाशीच्या आसपास सेनेका हातात पडला. पहिल्या शतकातला रोमन, गडगंज श्रीमंत, नीरो बादशहाचा आधी शिक्षक आणि मग सल्लागार. हा माणूस रोज रात्री दिवा नेल्यावर आणि बायको गप्प झाल्यावर (तिला नवऱ्याची ही सवय ठाऊक होती) अख्खा दिवस पुन्हा डोळ्यांखालून घालायचा. काय बोललो, काय केलं, स्वतःपासून काही न लपवता. वाचताना मला वाटलं, हा तर आमच्याच शाखेतला. कॅश क्लोज केल्याशिवाय न झोपणारा.

त्यावरून मी एक वही सुरू केली. तिला आता नऊ वर्षं झाली. ती कशी लिहायची, एवढंच इथे सांगतो.

घरात ज्ञानेश्वरी आणि गाथा असताना रोमला कशाला गेलात, हे बायकोने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. खरं उत्तर असं की आपल्याकडचं मी लहानपणापासून इतकं ऐकलं होतं की शब्द कानावरून घसरून जायचे. परक्या माणसाने तीच गोष्ट वेगळ्या कपड्यांत आणली तेव्हा मी थांबून पाहिलं. शिवाय या लोकांनी उपदेशाबरोबर गृहपाठही दिला होता, आणि कारकुनी स्वभावाच्या माणसाला गृहपाठ बरा पडतो.

ओसरीवरची माणसं

या परंपरेला स्टॉइक म्हणतात. सायप्रसचा झीनो नावाचा माणूस इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अथेन्समधल्या एका रंगीत चित्रांच्या ओसरीत शिकवायचा. ओसरीला ग्रीकमध्ये स्टोआ, म्हणून हे स्टॉइक. आपल्या वहीला त्यांतले तिघे पुरतात. सेनेका वर आलाच. दुसरा एपिक्टेटस: आजच्या तुर्कस्तानातल्या पामुक्कलेजवळ जन्मलेला गुलाम, पायाने अधू. पुढे स्वतंत्र झाला, रोममध्ये शिकवू लागला, आणि डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन शाळा काढली. त्याने स्वतः ओळही लिहिली नाही. जे आहे ते आरियन नावाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवलेलं. तिसरा मार्कस ऑरेलियस, सन १६१ ते १८० रोमचा बादशहा. गादीवर बसल्यापासून युद्ध आणि साथीचा रोग यांतून त्याची सुटका झाली नाही, आणि तरी डॅन्यूबकाठच्या छावण्यांमध्ये तो स्वतःसाठी टिपणं लिहीत राहिला.

एक गुलाम, एक सावकार, एक बादशहा. तिघांची औषधाची चिठ्ठी जवळजवळ एकच, हे मला फार आवडलं.

आधी सामान

एक शंभर पानी वही, एक पेन. सकाळी तीन मिनिटं, रात्री दहा. मोबाइलमधलं ॲप नको, कारण ते उघडताना मध्ये व्हॉट्सॲप लागतं आणि तिथून माणूस परत येत नाही.

चामड्याच्या कव्हरची महाग डायरीही नको. एपिक्टेटसच्या घरातला लोखंडी दिवा एकदा चोरीला गेला. तो म्हणाला, उद्या मातीचा आणू. जे आपल्याजवळ असतं तेच हरवतं. तो मेल्यावर कुणा हौशी माणसाने त्याचा मातीचा दिवा तीन हजार द्राख्मांना विकत घेतला, या आशेने की त्याच्या उजेडात वाचलं की आपणही शहाणे होऊ. लूशियन नावाच्या त्या काळच्या टवाळ लेखकाने त्याची मजबूत टर उडवली आहे. महाग डायरी म्हणजे तो दिवा. तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही, आणि या वहीत खाडाखोडच करायची असते.

पायरी १: दोन रकाने

पहिला आठवडा एवढंच करा. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘माझ्या हातात’, उजवीकडे ‘हातात नाही’.

हा एपिक्टेटसचा पहिला धडा. त्याची वाटणी कडक आहे. आपल्या हातात काय, तर आपलं मत, आपली इच्छा, आपला नकार, आपले प्रयत्न. हातात नाही त्यात शरीर, पैसा, लोकांतलं नाव, पद. शरीरसुद्धा हातात नाही हे वाचून लोक बिचकतात. पण सर्दी कधी तुम्हाला विचारून आली आहे?

नुसतं वाचून हा धडा अंगी लागत नाही. एक खरी काळजी घ्या आणि तिचे तुकडे करा. माझ्या पहिल्या वहीतलं वडिलांच्या ऑपरेशनचं पान असं होतं. उजवीकडे: भूल सोसेल का. किती महिन्यांनी चालतील. दादा खर्चाचा वाटा उचलेल का. आत्या म्हणेल, या वयात कशाला कापाकापी. डावीकडे: दुसऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवणं. मेडिक्लेमची फाइल काढून कलम वाचणं. दादाला ‘किती देशील’ असं सरळ विचारणं. रजेचा अर्ज.

पान बघितल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, रात्री दोन वाजता मी फक्त उजव्या रकान्यात फिरत होतो. आपल्याकडे म्हणतातच, मन चिंती ते वैरी न चिंती. दुसरी अधिक कामाची: डावीकडचं सगळं कंटाळवाणं होतं. फोन करा, फाइल शोधा, अर्ज लिहा. काळजी करणं त्या मानाने रंगतदार काम आहे, त्यात नाट्य असतं. फाइल शोधण्यात नसतं. मी काळजी करत होतो म्हणजे खरं तर फाइल शोधायचं टाळत होतो. मेडिक्लेमचं कलम वाचायला चाळीस मिनिटं लागली. ते काम तीन महिने पडून होतं.

दोन-तीन दिवसांत तुम्हाला तिसरा रकाना काढावासा वाटेल: ‘थोडं हातात, थोडं नाही’. मुलाची परीक्षा, नोकरीची मुलाखत, सोसायटीचं रिडेव्हलपमेंट, सगळं त्यातच बसतंय असं वाटतं. तो काढू नका. जे मधलं वाटतं ते अजून फोडायचं राहिलंय असं समजा. स्टॉइक मंडळी इथे तिरंदाजाचं उदाहरण देतात. धनुष्य निवडणं, सराव, नेम धरणं आणि नीट सोडणं ही तिरंदाजाची कामं. बाण सुटल्यावर वारा आला किंवा लक्ष्य हललं तर तो काही करू शकत नाही. म्हणून डावीकडे ‘मुलाखतीत पास होणं’ लिहायचं नाही; ‘त्या कंपनीची माहिती वाचणं, रात्री अकराला झोपणं, वेळेआधी पोचणं’ लिहायचं.

याच्याच जोडीला एक छोटी शब्दांची सवय. कुठलाही बेत लिहिताना मनात एक पुस्ती जोडायची: काही आडवं आलं नाही तर. सेनेका म्हणतो, शहाणा माणूस प्रवासाला निघतानाही ही पुस्ती सोडत नाही. आपल्याकडे आजी ‘देवाच्या मनात असेल तर’ म्हणायची, तेच हे. फक्त आपल्या ‘बघू, जमलं तर’शी त्याची गल्लत करू नका. ‘जमलं तर’ म्हणणाऱ्याने बहुधा न येण्याचं आधीच ठरवलेलं असतं.

पायरी २: सकाळची तीन मिनिटं

दुसऱ्या आठवड्यापासून चहाच्या आधी दोन-तीन ओळी. आज काय काय बिनसू शकतं, आणि तेव्हा मी काय करणार.

एपिक्टेटसने याला सार्वजनिक स्नानगृहाचं उदाहरण दिलं आहे. अंघोळीला निघालात तर आधी डोळ्यांसमोर आणा: तिथे कुणी पाणी उडवणार, कुणी धक्का देणार, कुणी शिव्या देणार, कुणी कपडे चोरणार. मग स्वतःला सांगा की मला अंघोळही करायची आहे आणि मन ठिकाणावरही ठेवायचं आहे. मी हे वाचलं तेव्हा आठ बारासाठी डोंबिवलीच्या फलाटावर उभा राहणारा माणूस होतो. स्नानगृहाऐवजी फास्ट लोकल घाला, एक शब्द बदलावा लागत नाही. दारातले उतरू देणार नाहीत. पाठीवरची बॅग कुणाच्या तरी तोंडाला लागणार. चौथ्या सीटवरून रोज होतं ते भांडण आजही होणार.

मार्कसची सकाळ याच धाटणीची. आज मला आगाऊ, कृतघ्न, उद्धट, लबाड माणसं भेटणार, असं तो स्वतःला बजावतो. बादशहा असूनही.

इथे एक धोका आहे. काळजीखोर माणसाच्या हातात हा सराव दिला तर तो तासभर संकटंच मोजत बसेल. म्हणून दोन नियम. तीन मिनिटांच्या वर नाही. आणि प्रत्येक ओळीचा शेवट क्रियापदावर, तेही स्वतःच्या: ‘साहेब मीटिंगमध्ये माझं काम दुसऱ्याच्या नावावर सांगतील, मी मीटिंगनंतर आकड्यांसकट एक मेल टाकीन.’ ‘मी टाकीन’ आलं नाही तर ती ओळ खोडा.

पायरी ३: विशेषणं काढा

माझ्या मते सगळ्या वहीत ही पायरी सर्वांत मोलाची, आणि सर्वांत अवघड.

व्हाउचरवर रक्कम, तारीख, खातं आणि सही असते. ‘दुर्दैवी पाचशे रुपये’ असं कुणी लिहीत नाही. दिवसातल्या प्रसंगाचं तसं व्हाउचर करायचं. मार्कस हे उंची वस्तूंवर करून बघायचा. फालेर्नियन ही रोममधली नामांकित दारू. तो म्हणायचा, हा द्राक्षाचा रस. बादशहाचा जांभळा झगा? मेंढीची लोकर, शिंपल्यातल्या किड्याच्या रक्तात बुडवलेली.

आपल्याला झग्याची अडचण नसते. आपली अडचण मानपानाची. माझीच गोष्ट सांगतो. वही सुरू व्हायच्या वर्षभर आधी चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. त्या चुलतभावाला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. आमच्याकडे पत्रिका द्यायला जोडीने घरी येतात, कुंकू लावतात, हातावर अक्षता ठेवतात. अण्णाने पत्रिका व्हॉट्सॲपवर टाकली. ‘त्याने माझा जाणूनबुजून अपमान केला,’ असं मी बायकोला सांगितलं, बहिणीला सांगितलं, आणि लग्नाला गेलो नाही.

दोन वर्षांनी ते पान लिहायला बसलो. पहिल्या प्रयत्नात अर्धं पान भरलं आणि त्यात एकही व्हाउचर नव्हतं, सगळी विशेषणं. चौथ्या प्रयत्नात उरलं ते असं: ‘फेब्रुवारीत एका दुपारी, ५२ जण असलेल्या ग्रुपवर एक पत्रिका आली. त्या ५२ जणांत मी होतो.’ संपलं. ‘जाणूनबुजून’ मी घातलं होतं. ‘अपमान’ही माझाच. पत्रिकेत फक्त मुहूर्त होता आणि कल्याणच्या हॉलचा पत्ता.

माणसं घटनांनी अस्वस्थ होत नाहीत, त्या घटनांबद्दलच्या आपल्या मतांनी होतात, हे एपिक्टेटसचं म्हणणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास आपली उपचारपद्धती उभी केली तेव्हा या विचाराचं ऋण उघडपणे मानलं. मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते, आणि ती आपल्याकडे रुजवण्यात डॉ. कि. मो. फडक्यांचा मोठा वाटा आहे.

करायचं असं: ज्या प्रसंगाने डोकं तापलं तो प्रसंग चार ओळींत लिहा. मग लाल पेनाने तीन प्रकारचे शब्द खोडा. विशेषणं. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘मुद्दाम’ असले शब्द. आणि दुसऱ्याच्या मनात काय होतं याबद्दलचं प्रत्येक वाक्य. उरलेलं मोठ्याने वाचा. कधी कधी उरलेलंही वाईटच असतं. कुणी पैसे बुडवलेले असतात, कुणी खोटं बोललेलं असतं. तेव्हा निदान लढाई खऱ्या गोष्टीशी होते, आपण चढवलेल्या रंगाशी होत नाही.

पायरी ४: सस्पेन्स खातं

बँकेत एखाद्या रकमेचा धागा लागत नसेल तर ती फेकून देत नाहीत आणि कुठल्याही खात्यात कोंबतही नाहीत. सस्पेन्स अकाउंटला टाकतात. शोध लागला की तिथून उचलून योग्य जागी. वहीच्या शेवटची चार पानं या खात्यासाठी ठेवा.

रागाचं सर्वांत मोठं औषध उशीर, असं सेनेका म्हणतो. ऑगस्टस बादशहाला त्याच्या अथेनोडोरस नावाच्या गुरूने निरोप घेताना सल्ला दिला होता: राग आला की काही बोलण्या-करण्याआधी मनात चोवीसच्या चोवीस ग्रीक अक्षरं म्हणा. आपण ‘क’ची बाराखडी म्हणू शकतो. मात्र माझ्या अनुभवात बाराखडी ‘कः’पर्यंत पोचेस्तोवर अंगठ्याने मेसेज पाठवलेला असतो. म्हणून कागद. जो मेसेज पाठवायचा आहे तो सस्पेन्सच्या पानावर, तारीख आणि वेळ टाकून, पूर्ण लिहायचा. शिव्यांसकट. चोवीस तासांनी उघडायचा. तेव्हाही पाठवावासा वाटला तर शिव्या काढून पाठवा. तेवढा हक्क तुम्ही कमावला.

हे खातं फुगू द्यायचं नाही, हा बँकेचाही नियम. दर रविवारी प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक लिहा: बोललो, सोडून दिलं, किंवा पुढे ओढलं.

पायरी ५: रात्रीची जुळणी

आता मूळ मुद्द्यावर. सेनेकाने ही सवय सेक्स्टियस नावाच्या आधीच्या पिढीतल्या तत्त्वज्ञाकडून घेतली. तो झोपण्याआधी मनाला विचारायचा: आज कुठला वाईट गुण बरा केलास? कुठल्या दोषाला अडवलंस? कशात थोडा सुधारलास?

हे प्रश्न मला सुरुवातीला जड गेले. रोज कोण सुधारतो? मी ते कॅशियरच्या भाषेत आणले. आज काय जमलं. काय शॉर्ट आलं. उद्या ते कुठून भरून काढणार. प्रत्येकी दोन ओळी. ‘जमलं’ आधी लिहायचं, आणि लिहायचंच. ज्या दिवशी काहीच सुचलं नाही त्या दिवशी मी ‘दात घासले’ लिहिलं आहे.

‘शॉर्ट’ लिहिताना नेमकं लिहा. सेनेकाचं उदाहरण बघा: अमक्याला तू हवं त्यापेक्षा जास्त मोकळेपणाने सुनावलंस, तो सुधारला नाही, दुखावला. पुढच्या वेळी बोलणं खरं आहे का एवढंच बघू नकोस, ऐकणाऱ्याला ते झेपेल का तेही बघ. ‘मी वाईट बाप आहे’ हे व्हाउचर नव्हे. ‘मुलगी प्रोजेक्ट दाखवत होती तेव्हा मी क्रिकेटचा स्कोअर बघत होतो’ हे व्हाउचर.

आणि मग मिटवा. सेनेकाचा सूर लक्षात घेण्यासारखा आहे: पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला माफ केलं. तो स्वतःचा न्यायाधीश आहे, पण फाशी देणारा नाही. तीन शॉर्टच्या वर नोंद करायची नाही असा माझा नियम आहे, नाहीतर वहीची शिक्षा होते आणि दहा दिवसांत ती माळ्यावर जाते.

जुन्या कॅशियरला एक खुबी माहीत असते. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर बहुतेक वेळा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते: ४५०च्या जागी ५४० लिहिले, फरक ९०. म्हणजे नुसत्या फरकाच्या रूपावरून चूक कुठल्या जातीची ते कळतं. महिनाभर वही लिहिली की तसंच होतं. मी तीस दिवसांच्या ‘शॉर्ट’ नोंदी एका पानावर उतरवल्या तेव्हा दिसलं की त्यांतल्या निम्म्याहून अधिक संध्याकाळी सात ते आठच्या आहेत, घरात पाऊल टाकल्यापासूनच्या तासातल्या. मला वाटत होतं माझा स्वभाव तापट आहे. मला भूक लागलेली असायची. त्यानंतर मी स्टेशनवरून येताना दोन केळी खाऊ लागलो. तत्त्वज्ञानाच्या मानाने हा निष्कर्ष अगदीच मामुली आहे, पण घरातले सगळे केळ्यांचे आभारी आहेत.

पायरी ६: महिन्यातले तीन दिवस

ही ऐच्छिक. अधूनमधून काही दिवस ठरवून अगदी साधं, स्वस्त खा, जाडंभरडं नेसा, आणि स्वतःला विचारा: यालाच मी भीत होतो का? हे सेनेकाने मित्राला डिसेंबरच्या सणात लिहिलं, जेव्हा सगळं रोम चैन करत होतं. सेनेकाची संपत्ती बघता त्या काळीही काही जण हसले असतील, मीही हसलो. पण करून पाहिलं. तीन दिवस पिठलं-भाकरी, ऑनलाइन काही मागवायचं नाही, रिक्षाऐवजी पायी.

आपल्याकडे उपवास आहेतच, पण एकादशी आणि दुप्पट खाशी हेही आपलंच. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळ्याचं शिकरण, हा प्रकार इथे चालणार नाही. तीन दिवसांचा खर्च वहीत लिहा. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेल का, ही माझी धास्ती कुठल्याही गुंतवणूक सल्लागारापेक्षा त्या आकड्याने जास्त कमी केली.

कुठे गफलत होते

सर्वांत मोठी गफलत म्हणजे ही वही दुसऱ्यावर चालवणं. बायको सांगतेय की सासूबाई असं बोलल्या, आणि आपण म्हणायचं, ‘ते तुझ्या हातात नाही.’ मी हे केलं आहे. त्या रात्रीच्या ‘शॉर्ट’मध्ये ते आलं. रकाने स्वतःच्या पानावर काढायचे. दुसरा बोलत असेल तेव्हा ऐकायचं.

दुसरी, सगळं निमूट सोसणं म्हणजेच शांती अशी समजूत. सेनेका एकदा स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहात होता. खालून वजनं उचलणाऱ्यांचं कण्हणं, अंगावरचे केस उपटून घेताना किंकाळ्या फोडणारी गिऱ्हाइकं, सॉसेज विकणाऱ्यांच्या आरोळ्या. पत्रात तो लिहितो की मन आत शांत असेल तर बाहेरच्या गोंगाटाचं काही वाटत नाही. आणि पत्राच्या शेवटी सांगतो की तरीही मी इथून बिऱ्हाड हलवतो आहे, विनाकारण त्रास कशाला सोसायचा? मला हा शेवट सगळ्या पत्राहून प्रिय आहे. वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग रात्री अकराला चालू असेल तर सोसायटीला लेखी तक्रार देणं डाव्या रकान्यात येतं. पगार थकवणाऱ्या मालकाला नोटीस देणंही. मारहाण होत असेल तर तिथून निघणं तर सर्वांत आधी.

तिसरी दुःखाबद्दल. स्टॉइक म्हणजे दगड, अशी समजूत आहे. मित्र गेलेल्या माणसाला सेनेका लिहितो की डोळे कोरडे राहू नयेत, फक्त वाहून जाऊ नयेत. वडील गेले त्यानंतर दोन महिने मी वही उघडलीच नाही. उघडायला हवी होती असं मला आजही वाटत नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच राम वाटत नाही, जगणं नकोसं होतंय, असं असेल तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, विनाशुल्क चालते आणि मराठीत बोलता येतं. हा फोनही डाव्या रकान्यातला.

खाडे आणि शिल्लक

खाडे पडतात. लग्नसराई, आजारपण, गणपती. राहिलेले दिवस मागून भरायचे नाहीत. आठवून लिहिलेलं व्हाउचर बँकेत चालत नाही, इथेही नको. कोरं पान सोडा आणि आजची तारीख घाला.

वही संपली की नवी काढताना जुनीतली एकच गोष्ट नवीत उतरवायची असते, ती म्हणजे सस्पेन्स खात्याची शिल्लक. माझी सध्या अकरावी वही चालू आहे. मागच्या पानावर चार नोंदी आहेत. तीन या महिन्यातल्या. चौथी पहिल्या वहीतली, दर वेळी नव्या शाईत: ‘अण्णाला फोन.’ त्यापुढे गेल्या रविवारीही मी ‘पुढे ओढलं’ असंच लिहिलं. नंबर डाव्या रकान्यात आहे, मला ठाऊक आहे.